फेकलेला दगड पुन्हा उचलला कुणी?

चार लाख वर्षांपूर्वी ना भंगारवाला होता, ना सेकंडहँड मार्केट. तरी माणसं जुनी अवजारं उचलत होती, त्यांना नवी धार काढत होती आणि पुन्हा वापरत होती. तेसुद्धा नवाकोरा दगड हाताशी पडलेला असताना. असं का करत असतील?

तुमच्या घरात एक ड्रॉवर नक्की असणार. त्यात मेलेल्या मोबाइलचा चार्जर असतो, एकाच कानात वाजणारा इअरफोन असतो, कशाचा ते कुणालाच माहिती नसलेला एक स्क्रू असतो आणि तीन दिवाळ्यांपूर्वीच्या माळेतले उरलेले दिवे. आवरायला काढलं की आई म्हणते, ‘राहू दे रे, लागतं कधीतरी.’ आपण वैतागतो. पण खरं सांगा, तो स्क्रू एखाद्या दिवशी लागतोच की नाही?

आज ज्या माणसांबद्दल सांगतोय, त्यांच्याकडे ड्रॉवर नव्हता. भिंत नव्हती, भांडं नव्हतं, शेती तर लाखो वर्षं लांब होती. पण ‘लागतं कधीतरी’ हे त्यांना कळत होतं. निदान त्यांनी मागे ठेवलेले दगड तरी तसंच सांगतात.

गोष्ट सुरू होते २००० साली, इस्रायलमध्ये. तेल अवीवपासून पूर्वेला साधारण १२ किलोमीटरवर रस्त्याचं काम चालू होतं. डोंगर फोडता फोडता एक गुहा उघडी पडली. तिचं नाव केसेम. हिब्रू भाषेत केसेम म्हणजे जादू. तेल अवीव विद्यापीठाच्या अवि गोफर आणि रान बरकाई या पुरातत्त्वज्ञांनी तिथं खोदकाम हाती घेतलं आणि हळूहळू कळत गेलं की साधारण ४ लाख २० हजार ते २ लाख वर्षांपूर्वीच्या काळात माणसं इथं पुन्हा पुन्हा येऊन राहिली होती. शेकोटी पेटवत होती, हरणांची शिकार करून आणत होती, मांस भाजून खात होती. आपली, म्हणजे होमो सेपियन्सची जात तेव्हा जगात कुठे कुठे नुकती आकाराला येत होती.

गुहेत चकमकीच्या दगडाच्या अवजारांचा ढीग निघाला. त्यात मोठी, देखणी पाती होती. आणि त्याच ढिगात अगदी बारक्या, बोटांच्या चिमटीत धरता येतील अशा धारदार कपच्या होत्या. पहिल्या नजरेत कचराच वाटावा. अवजार घडवताना उडालेला भुगा म्हणून बाजूला ठेवावा, इतक्या क्षुल्लक.

पण त्या कपच्यांमध्ये काहीतरी गडबड होती.

दोन पोटांची कपची

ही गडबड समजायला आधी थोडी दगडफोड समजून घ्यावी लागेल. घाबरू नका, सोपी आहे. एका दगडावर दुसऱ्या दगडाने योग्य कोनात फटका मारला की कपची उडते. ज्याच्यातून उडाली तो गाभा, आणि उडाली ती कपची. कपचीला दोन बाजू असतात. बाहेरची ती पाठ. आतली, गाभ्यापासून नुकती सुटलेली, ती पोट. फटका बसतो त्या जागेखाली पोटावर एक छोटासा फुगवटा येतो. काचेला छर्रा लागल्यावर उडणारा टवका पाहिलाय ना, साधारण तसं. हा फुगवटा म्हणजे माणसाच्या फटक्याची सही. नदीत गडगडत फुटलेल्या दगडात ती सहसा अशी नीटस दिसत नाही.

आता केसेमच्या त्या बारक्या कपच्यांचं बघा. त्यातल्या बऱ्याच कपच्यांना पाठीच्या बाजूलाही जुन्या पोटाचा तुकडा होता. म्हणजे पाठ नाहीच, दोन्हीकडे पोट! हे कसं होईल? एकाच रीतीने होऊ शकतं. आधी कुणीतरी एक मोठी कपची काढली. ती वापरली, किंवा नुसतीच टाकली. मग कुणीतरी ती कपची उचलली, तिच्या पोटावर फटका मारला आणि तिच्यातून ही छोटी कपची काढली. जुन्या अवजाराचा गाभा करून त्यातून नवं अवजार.

दुसरा पुरावा रंगाचा. चकमकीचा दगड शेकडो-हजारो वर्षं उघड्यावर किंवा मातीत पडला की त्याच्या पृष्ठभागावर एक पुट चढतं. त्याला पॅटिना म्हणतात. कधी पांढुरकं, कधी पिवळट, कधी तपकिरी, चकचकीत. दुधावर साय धरते तसं समजा, फक्त साय धरायला प्रचंड वेळ लागतो. अशा पुट चढलेल्या दगडाला नवा फटका मारला की आतला ताजा रंग दिसतो. त्यामुळे एकाच अवजारावर दोन रंग दिसले तर समजायचं की पहिल्या आणि दुसऱ्या फटक्यात मोठा काळ गेलाय. पहिल्यांदा घडवणारा आणि दुसऱ्यांदा धार काढणारा, ही दोन माणसं कधी भेटलीच नसतील.

हे वाचून मला थोडं थांबायला झालं. आपण ओएलएक्सवरून जुनी सायकल घेतो तेव्हा निदान विकणाऱ्याशी घासाघीस तरी होते.

इथं एक कबुली देतो. हे सगळं पुस्तकी वाटू नये म्हणून मी एकदा दगडाची अवजारं घडवायच्या कार्यशाळेत जाऊन बसलो होतो. चामड्याचा तुकडा मांडीवर, डोळ्यांवर गॉगल, हातात गोलसर दगडी हातोडा. दोन तास ठोकल्यावर माझ्यापुढे खडीचा ढीग तयार झाला, अंगठ्याला चिकटपट्टी लागली आणि हातकुऱ्हाड काही झाली नाही. पण त्या खडीतला एक टवका सहज उचलून मी केळ्याच्या सालीवर फिरवला. साल लोण्यासारखी कापली गेली. म्हणजे मी ज्याला कचरा समजत होतो, तीच माझ्याकडची सगळ्यात चांगली सुरी होती. केसेमवाल्यांना हे शिकायला कार्यशाळेची फी भरावी लागली नसणार.

दगड तर होता, मग जुनाच का?

आता तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? दगड संपला असेल, लांबून आणावा लागत असेल, म्हणून काटकसर. पुरातत्त्वज्ञही बराच काळ असंच म्हणत होते. चांगला दगड दुर्मिळ असला की माणूस जुना वापरतो, मुबलक असला की फेकतो. हिशेब साफ.

पण केसेमच्या आसपास चकमकीचा दगड भरपूर होता. चालत जाऊन आणता येईल इतक्या अंतरावर. तरीही या जुन्या कपच्यांतून नव्या कपच्या काढायचं काम एखाददुसऱ्या वेळी झालेलं नाही. गुहेतल्या वस्तीच्या वेगवेगळ्या थरांत ते पुन्हा पुन्हा दिसतं. म्हणजे ही अडचणीतली तडजोड नव्हती. ठरवून केलेलं काम होतं.

मग ते करायचं कशासाठी? २०१९ मध्ये फ्लाविया वेंदित्ती या इटालियन संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी या बारक्या कपच्या सूक्ष्मदर्शकाखाली घातल्या. दगडाची धार वापरली की तिच्यावर बारीक ओरखडे, झिजल्याची चमक, तुटलेले कंगोरे उरतात. मांस कापल्याच्या खुणा वेगळ्या, कातडं खरवडल्याच्या वेगळ्या, लाकडाच्या वेगळ्या. तज्ज्ञ आधी स्वतः तसेच दगड घडवतात, त्यांनी मांस, हाडं, झाडपाला कापून बघतात आणि मग जुन्या खुणांशी ताडून पाहतात. काही कपच्यांवर तर हाडाचे आणि प्राण्यांच्या ऊतींचे सूक्ष्म अवशेषही टिकून होते. निष्कर्ष असा निघाला की या चिमुकल्या सुऱ्या मुख्यतः शिकारीच्या प्राण्यावरच्या नाजूक कामासाठी होत्या. कातडं सोडवायचं, सांध्यापाशी कापायचं, हाडाला चिकटलेलं मांस काढायचं. काही वेळा वनस्पती कापण्यासाठीही.

स्वयंपाकघरात उभं राहून बघा. भोपळा फोडायला विळी लागते, पण लसूण सोलायला आई छोटी सुरीच घेते. केसेमच्या माणसांकडेही मोठी पाती होतीच. बारीक कामाला बारीक सुरी हवी होती, आणि ती जुन्या कपचीतून झटपट निघत होती. पातळ कपचीच्या पोटावर आधीच तयार सपाटी असते, फटका कुठे मारायचा ते ठरवायला सोपं जातं. कच्चा माल पायाशी पडलेला. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. अंगठा सांभाळून.

पाट्याला टाकीऽऽ

आमच्या गावच्या घरी एक पाटा होता. आजी त्यावर वाटण वाटायची. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की त्यावर मिरची नुसती घसरायची. मग ‘पाट्याला टाकीऽऽ, जात्याला टाकीऽऽ’ अशी हाक देत कुणीतरी यायचं, ओट्यावर बसायचं आणि छिन्नीने टक टक टक करत पाट्यावर पुन्हा बारीक खळगे पाडायचं. दर वेळी पाटा थोडा झिजायचा. आजीच्या लग्नातला तो पाटा माझ्या लहानपणापर्यंत मधोमध इतका खोलगट झाला होता की त्याला पाटा म्हणावं की परात, कळेना. शेवटी मिक्सर आला आणि पाटा न्हाणीत उपडा पडला. पाय घासायचा दगड म्हणून.

समजा हजार वर्षांनी कुणी तो पाटा उकरला. त्याला काय वाटेल? हा मुळातच खोलगट घडवलेला, कुठल्यातरी वेगळ्या जमातीचा, वेगळ्या प्रकारचा दगड आहे असं वाटू शकेल ना?

नेमका हाच घोळ पुरातत्त्वात झाला. आणि चांगला पंचवीस-तीस वर्षं गाजला.

फ्रांस्वा बोर्द हे फ्रान्समधलं दगडी अवजारांच्या अभ्यासातलं मोठं नाव. स्वतः उत्तम दगड घडवायचे, आणि फावल्या वेळात फ्रान्सिस कार्साक या टोपणनावाने विज्ञानकथा लिहायचे. असा माणूस प्राध्यापक म्हणून लाभायला नशीब लागतं. तर बोर्द यांनी निअँडरथल काळातल्या अवजारांची ६३ प्रकारांत वर्गवारी केली. एका बाजूला धार असलेली तासणी, दोन बाजूंना धार असलेली, दोन्ही धारा टोकाशी मिळणारी, आडव्या धारेची, असे बारीक बारीक प्रकार. कुठल्या गुहेत कुठला प्रकार जास्त, यावरून त्यांनी निअँडरथलांचे वेगवेगळे सांस्कृतिक गट मांडले. लुईस बिनफर्ड या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने त्याला आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं, गट वेगळे नाहीत, कामं वेगळी. एके ठिकाणी कातडं कमावलं, दुसरीकडे लाकूड तासलं, म्हणून अवजारं वेगळी. साठ-सत्तरच्या दशकांत हा वाद जोरात होता.

इकडे अमेरिकेत वायोमिंगमध्ये जॉर्ज फ्रिसन होते. ते आधी गुरांचे रँच चालवायचे, चाळिशीच्या उंबरठ्यावर कॉलेजात गेले आणि पुरातत्त्वज्ञ झाले. (‘आता वय झालं, आता काय शिकणार’ म्हणणाऱ्यांसाठी कंसात लिहून ठेवतो.) रानरेडे मारून सोलायच्या एका जागेवरची अवजारं आणि त्यांना धार लावताना उडालेल्या बारीक कपच्या त्यांनी अभ्यासल्या. १९६८ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की काम चालू असतानाच अवजारांना पुन्हा पुन्हा धार लावली जायची आणि त्यामुळे त्यांचा आकार बदलत जायचा. आपल्याला सापडतो तो अवजाराचा शेवटचा आकार. ते घडवताना मनात असलेला आकार तो नसतो. याला पुढे ‘फ्रिसन इफेक्ट’ असं नावच पडलं.

मग ऐंशीच्या दशकात हॅरल्ड डिबल यांनी तेच तर्कशास्त्र बोर्द यांच्या तासण्यांना लावलं आणि म्हणाले, हे वेगवेगळे प्रकार कशावरून? एका बाजूची धार बोथट झाली, दुसरी बाजू वापरली. तीही गेली, पुन्हा धार काढली. दोन्ही धारा सरकत सरकत टोकाशी मिळाल्या. एकाच तासणीची ही वेगवेगळी वयं असू शकतात. म्हणजे बालपणीचा फोटो, कॉलेजचा फोटो आणि साठीचा फोटो बघून तीन माणसं मोजल्यासारखं.

डिबल यांचं सगळंच सगळ्यांना पटलं असं नाही. काही अवजारं खरोखरच वेगळी म्हणून घडवलेली असतात, हेही खरं. पण त्यानंतर कुणालाही तासणी हातात घेऊन ‘ही अमुक प्रकारची’ एवढ्यावर थांबता आलं नाही. ही किती वेळा धार लावून झालीय, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. धार लावण्यासारख्या साध्या घरगुती कामाने एक अख्खी थिअरी हलवली.

शिकारीला नवं, घरात चालेल ते

स्पेनमधल्या कातालोनियात मोली देल साल्त नावाची जागा आहे. साधारण तेरा हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे केसेमच्या मानाने अगदी काल-परवाची. मान्वेल वाकेरो आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तिथल्या दगडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी पुरावा शोधला तो जळण्यात. आगीत सापडलेल्या चकमकीला तडे जातात, रंग बदलतो, खळगे पडतात. असा जळका दगड नंतर कुणी फोडला तर नव्या खुणेवर जळल्याचं चिन्ह नसतं. म्हणजे शेकोटीत पडून वाया गेलेला दगड नंतर उचलून घडवलाय हे सिद्ध होतं.

मला यात सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. पुन्हा घडवलेली अवजारं बहुतेक घरगुती कामाची होती. शिकारीच्या बाणांची टोकं मात्र अशा जुन्या मालातून क्वचितच केलेली दिसली. साहजिक आहे. चामडं खरवडताना तासणी तुटली तर दुसरी घेता येते. जनावर समोर असताना बाणाचं टोक तुटलं तर रात्री सगळे उपाशी. आपणही लग्नाला जाताना चप्पल शिवून घेत नाही, पण कोपऱ्यावरच्या दुकानात जायला तीच चालते.

आता एक वाजवी शंका. याला रिसायकलिंग म्हणावं का? २०१३ मध्ये तेल अवीवला फक्त याच विषयावर परिषद भरली, अश्मयुगातलं रिसायकलिंग या नावाने, तेव्हाही शब्दावरून वाद झाले. बोथट अवजाराला धार लावणं हे झालं मेंटेनन्स. तेच अवजार तसंच उचलून वापरणं म्हणजे रियूज. एक वस्तू मोडून तिच्यातून वेगळ्या कामाची वस्तू करणं म्हणजे रिसायकलिंग. साडीची गोधडी केली की रिसायकलिंग, ताईचा ड्रेस धाकटीला आला की रियूज. व्यवहारात या रेषा पुसट असतात आणि दगडात तर फारच. काही अभ्यासकांचं म्हणणं की जागेवर पडलेलं उचललं, वापरलं, यात कसलं आलंय धोरण. त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण केसेममध्ये तेच ते काम लाखभर वर्षांहून अधिक काळ दिसत राहतं, तेव्हा ‘सहज उचललं’ हे उत्तर मला तरी पुरत नाही.

आणि मग येतं रेवादिम.

आजोबांचं घड्याळ

रेवादिम हीसुद्धा इस्रायलमधलीच जागा. उघड्यावरची वस्ती, साधारण ५ ते ३ लाख वर्षांपूर्वीची. २०२२ मध्ये बार एफ्राती, रान बरकाई आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी इथली ४९ अवजारं घेतली. सगळी दुरंगी. म्हणजे आधी कुणीतरी घडवलेली, मग टाकलेली, मग पुट चढेपर्यंत पडून राहिलेली, आणि नंतर पुन्हा उचललेली.

बघितलं तर काय? दुसऱ्यांदा वापरणाऱ्याने त्यांना फारसा हातच लावलेला नव्हता. कडेला थोडीशी नवी धार काढली होती, बस्स. जुना आकार, जुनं पुट तसंच ठेवलं होतं. नुसता कच्चा माल हवा असता तर ठोकून ठोकून सगळं बदलून टाकायला कुणाची हरकत होती? काही अवजारांवर तर दोन्ही आयुष्यांतल्या वापराच्या खुणा सापडल्या. पहिल्या जन्मात कापायचं काम, दुसऱ्या जन्मात खरवडायचं.

संशोधकांचा अंदाज असा की या माणसांना जुनी अवजारं जुनी म्हणूनच हवी होती. कुणीतरी आपल्या आधी इथं होतं, त्यांनी हे घडवलं, ते आपल्या हातात आलं, हे त्यांना जाणवत असावं. म्हणजे आठवणीची वस्तू. आजोबांचं एचएमटी घड्याळ आपण पट्टा बदलून घालतो, पण डायलला हात लावत नाही, तसं काहीतरी.

हे सिद्ध झालंय का? नाही. सूक्ष्मदर्शकात ओरखडे दिसतात, भावना दिसत नाहीत. रंग आवडला म्हणूनही उचललं असेल. हाताला बसत होतं म्हणूनही. पण पुट चढलेला, उघडपणे ‘जुना’ दिसणारा दगड निवडायचा आणि त्याचं जुनेपण राखायचं, हा नेम तिथं दिसतो खरा. आपल्यापेक्षा वेगळ्या जातीची माणसं होती ती. भाषा होती की नव्हती यावर अजून भांडणं आहेत. आणि त्यांना ‘आपल्या आधी कुणीतरी’ ही कल्पना सुचली असेल, या नुसत्या शक्यतेनेच माझी त्या रात्री झोप उडाली होती.

बाटलीचा बाण

दगड संपला म्हणून ही सवय संपली नाही. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ एक माणूस एकटाच, उपाशी अवस्थेत सापडला. याही जमातीचा तो शेवटचा माणूस. बाकीचे गोऱ्या वसाहतवाल्यांच्या कत्तलींत आणि उपासमारीत गेले होते. त्याने आपलं खरं नाव कधीच कुणाला सांगितलं नाही. लोक त्याला इशी म्हणायचे, त्याच्या भाषेत माणूस. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात तो उरलेली वर्षं राहिला आणि १९१६ मध्ये क्षयाने वारला. तो लोकांना बाणांची टोकं घडवून दाखवायचा. कशाची? फेकलेल्या बाटल्यांच्या काचेची. काच अगदी चकमकीसारखीच फुटते, उलट अधिक सरळ. त्याची ती पारदर्शक टोकं बघितली तर दागिने वाटतात.

ऑस्ट्रेलियात तर आणखी गंमत. १८७२ मध्ये तिथं अॅडलेडपासून डार्विनपर्यंत वाळवंट ओलांडणारी तारेची लाइन सुरू झाली. खांबांवर चिनीमातीचे इन्सुलेटर. मूळ रहिवाशांच्या लक्षात आलं की यांचे भाल्याचे फाळ झकास होतात. मग काय, इन्सुलेटर गायब व्हायला लागले. तारवाल्यांनी काही ठिकाणी यावर उपाय म्हणून खांबाच्या बुंध्याशी रिकाम्या बाटल्या ठेवल्या, म्हणजे घ्यायचं तर हे घ्या, वरचं सोडा. आपल्याकडे याला काय म्हणतात ते तुम्हाला माहितीये. जुगाड, दोन्ही बाजूंनी.

आणि इथिओपियात कोन्सो समाजातल्या काही बायका अगदी अलीकडच्या काळापर्यंत दगडी तासण्या स्वतः घडवून कातडं कमावत आल्या. दगड निवडणं, घडवणं, लाकडी मुठीत बसवणं, सगळं त्याच करतात. तासणी बोथट झाली की धार काढतात, पुन्हा झाली की पुन्हा काढतात, आणि मुठीत धरायलाही उरली नाही की टाकतात. अश्मयुग म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दाढीवाला पुरुषच येतो. तो बहुधा पाठ्यपुस्तकातल्या चित्रामुळे.

आपल्याकडे? दख्खनचा अख्खा पठार दगडाचाच. हसमुख सांकलियांनी पन्नासच्या दशकात नेवाशाला प्रवरेकाठी खोदकाम केलं, अश्मयुगीन अवजारं नोंदवली. तिथंच जवळ चिरकीला गुदरुन कोर्विनुस या जर्मन संशोधिकेने साठच्या दशकात हातकुऱ्हाडींची मोठी जागा उघडी केली. जुन्या, मोठ्या हातकुऱ्हाडी काळ्या दगडाच्या, त्यानंतरच्या काळातल्या तासण्या आणि छोटी अवजारं चर्ट, जास्पर, अकीक अशा गुळगुळीत, रंगीत दगडांची. पुढे इनामगावच्या ताम्रपाषाणकाळातल्या शेतकऱ्यांपर्यंत दगडाची बारीक पाती चालूच राहिली. लाकडात किंवा हाडात ओळीने बसवलेली अशी पाती म्हणजे सगळ्यात शहाणा शोध. एक तुटलं की तेवढं एक बदलायचं, बाकी विळा तोच. आजचे मोबाइलवाले बॅटरीसुद्धा अशी बदलू देत नाहीत, ते सोडा.

पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात अशी अवजारं काचेमागे बघायला मिळतात. गेलात तर आता काय बघायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. लेबल नंतर वाचा. आधी अवजारावर दोन रंग दिसतात का ते बघा, धार किती आत सरकलीय ते बघा. नदीकाठी फिरताना असा एखादा दगड दिसला तर मात्र खिशात घालू नका. तो कुठल्या थरात, कशाच्या शेजारी पडलाय यातच त्याची अर्धी गोष्ट असते. फोटो काढा, बाजूला पेन किंवा नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. जागा नोंदवून ठेवा आणि जवळच्या विद्यापीठातल्या पुरातत्त्व विभागाला दाखवा.

हे लिहायला बसण्याआधी गावी गेलो होतो. न्हाणीतला तो पाटा चुलतभावाला हाक मारून, दोघांनी मिळून उलटा केला. खालच्या बाजूला शेवाळ होतं. ते घासून काढलं. मधला खोलगट भाग आरशासारखा गुळगुळीत होता, पण कडेकडेने टाकीचे खळगे अजून स्पष्ट होते, ओळीने, जवळजवळ. नीट बघितलं तर दोन प्रकारचे. काही खोल आणि विरळ, काही उथळ आणि दाट. दोन वेगळे हात. आजीला विचारायला हवं होतं.